नकाशावरची पट्टी आणि ध्रुवाजवळची विमानतळे

सपाट नकाशावर सरळ रेषा आखून दोन दुर्गम विमानतळांमधले अंतर मोजावे, असे काही जण सुचवतात. ही पद्धत पुणे–नागपूर या सुमारे ६०० किलोमीटरच्या टप्प्याला चालून जाते. ध्रुवाजवळ मात्र ती पूर्णपणे कोलमडते. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन (७८.२५° उत्तर, १५.४७° पूर्व) आणि अलास्कातील उटकियाग्विक (पूर्वीचे बॅरो; ७१.२९° उत्तर, १५६.७७° पश्चिम) यांचे अंतर सपाट नकाशाच्या हिशेबाने, म्हणजे दोन्हींच्या सरासरी अक्षवृत्तावरून मोजल्यास सुमारे ५,००० किलोमीटर भरते, पण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून हॅवरसाइन सूत्राने (अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचे अंतर काढण्याच्या सूत्राने) बृहद्वृत्तावरचे, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर काढले, तर ते जेमतेम ३,३८० किलोमीटर येते, कारण सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते.

या सूत्रात पश्चिम रेखांश ऋण घ्यायलाच हवा. ते ऋण चिन्ह लावायचे राहून गेले की याच जोडीचे उत्तर पावणेदोनशे किलोमीटरने कमी येते आणि आकडा विश्वसनीय वाटत असल्याने चूक लक्षातही येत नाही, म्हणून माझ्या मते पडताळणी इथूनच सुरू करावी. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे गोलाच्या सूत्रात साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. तो नको असल्यास डब्ल्यूजीएस-८४ या, जीपीएसमध्ये वापरल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या प्रमाणित लंबगोलावर गणित करावे. प्रत्यक्ष उड्डाण वारे आणि पर्यायी विमानतळांच्या सोयीनुसार याहून लांब पडते.