माजी सैनिक वारला तर घरच्यांना अंत्यविधीसाठी रोख मदत मिळावी का?

गिरणगावकर:
आमच्या चाळीतले हवालदार काका परवा गेले. मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढलेली. दादरला भागोजी कीर स्मशानभूमीत नेलं. भाच्याने १५ ऑगस्टचा तिरंगा पांघरायला काढला, तेवढ्यात त्यांच्या पलटणीतले एक नायक म्हणाले, "ठेव तो. १९७१ च्या कायद्याने गुन्हा होतो. झेंडा फक्त सरकारी, लष्करी नाहीतर निमलष्करी इतमामात, आणि तेव्हाही चितेवर जात नाही." मग छातीवर टोपी ठेवली. तिचा बिल्ला मुलाने रात्री ब्रासोने घासून ठेवला होता.
माझं म्हणणं, त्याच दिवशी घरात रोख रक्कम यावी आणि वर्दीतला एक तरी माणूस यावा.

विक्रोळीचा विन्या:
रोख कशाला? पालिकेच्या स्मशानात लाकडं फुकट, विद्युतदाहिनी फुकट. उरलं दहावं-तेरावं, ते कुणाला चुकलंय? गटारात उतरणारा कामगार गेला तर त्याच्या घरी कोण येतं? फौजीला पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, २०२० ला राज्याने मालमत्ता कर माफीचीही योजना काढली.

गिरणगावकर:
फुकट आहे ते मुंबईत. मयत पाटणला न्यायची तर गाडीचं भाडं विचारून बघ एकदा. आणि कामगारालाही द्या की, मी कुठे नको म्हणतोय?

साडू न्यू जर्सीत:
अमेरिकेत माजी सैनिकाला राष्ट्रीय दफनभूमीत जागा, दगड आणि झेंडा मोफत. घडी घातलेला झेंडा घरच्यांकडेच राहतो. सेवेतल्या कारणाने मृत्यू आला असेल तर २,००० डॉलरपर्यंत दफनखर्चही मिळतो.

विक्रोळीचा विन्या:
तिकडे पुरतात हो. आपण तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून नाशिकला. दगड काय गोदावरीत लावायचा?

नेव्हीवाल्याची लेक:
भांडताय ते पाच-दहा हजारांवरून. आमचे बाबा ७१ व्या वर्षी गेले. वाढीव, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, कुटुंब निवृत्तीवेतन सात वर्षं किंवा ते ६७ चे झाले असते तोवर, यातलं जे आधी संपेल तेवढंच. म्हणजे आईला पहिल्या महिन्यापासून ३० टक्के. तेही पाच महिने अडकलं, कारण पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, 'शकुंतला' आणि आधारवर 'शकुंतलाबाई'. किराणा उधारीवर चालला. मला सलामी नको, पैसे तारखेला द्या.

विक्रोळीचा विन्या:
हे मात्र शंभर टक्के मान्य.

गिरणगावकर:
ताई, तुमचं खरंय. तरी सलामी मी सोडणार नाही. त्या दिवशी दारात नजर कुणाला शोधत होती, ते मी बघितलंय.

निवृत्त नायक, परळ:
सलामीचं नंतर बघू. काकूंचं नाव पीपीओवर काय आहे, तपासलंस? 'स्पर्श'वर, त्या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर, मृत्यूची नोंद केली?

गिरणगावकर:
पीपीओ काकांच्या ट्रंकेत आहे. किल्ली सापडत नाहीये.

निवृत्त नायक, परळ:
कुलूप तोड. मी संध्याकाळी येतो.