लॅबच्या मशिनांवरून एनव्हीएम काढावं का?

लॅबवाला_फोंडा

प्रश्न सरळ ठेवतो. उबंटू 22.04 ची 30 मशिनं, प्रत्येक विद्यार्थ्याच्या होम फोल्डरात एनव्हीएम (नोडची व्हर्जनं बदलायचं साधन), त्यात नोड 18 आणि नोड 22 (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम). जुना प्रकल्प 18 वर अडकलाय, नवीन बॅच 22 वर. नोडची पॅकेजं उतरवणारं `एनपीएम इन्स्टॉल` पडतं तेव्हा तीनच तऱ्हा दिसतात: ईॲक्सेस, म्हणजे लिहायची परवानगी नाही, 'मॉड्युल 108 साठी बांधलंय, इथे 127 हवं' ही तक्रार, आणि पाऊस लागला की ईटाइमडआउट, म्हणजे नेटवरून वेळेत उत्तर नाही.

माझं मत: हे व्हर्जन बदलायचं खेळणं काढूनच टाकावं. एकच नोड 22, यूएसआर-बिन या सिस्टमच्या फोल्डरात, सगळ्यांना सारखा. नोड 18 ची मुदत 30 एप्रिल 2025 ला संपली, तेव्हा जुना प्रकल्पही 22 वर ओढावा. विरोध असेल त्यांनी कारणासकट लिहावं. 'आमच्याकडे चालतं' हे कारण नव्हे. आणि इथे कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलात रोमनच टाइप करायच्या.

मांडवीकाठ

विरोध. तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एनव्हीएमशी संबंध फार तर एकाचा.

ईॲक्सेस घ्या. एनव्हीएमचं सगळं सामान घरातच, `~/.एनव्हीएम/व्हर्जन्स/नोड` खाली असतं. तिथे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणजे ही चूक दिसली तर चालणारा नोड एनव्हीएमचा नाहीच, किंवा कोणीतरी मध्ये सुडो (रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिनच्या, अधिकाराने कमांड चालवणं) घातलाय. `टाइप -ए नोड` चालवा, कुठकुठले नोड सापडतात ते क्रमाने दिसतं. पहिली ओळ `/यूएसआर/बिन/नोड` आली तर उत्तर मिळालं: ग्लोबल इन्स्टॉल सिस्टमच्या फोल्डरात लिहायला गेलं आणि दारावरच अडलं. उबंटू 22.04 च्या एपीटीमधून, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या भांडारातून, आलेला नोड तर 12.22 आहे. मांडवीवरच्या बेतीच्या फेरीत बसून जुवारी नदी ओलांडायला निघाल्यासारखं ते.

सुडोने ते सुटत नाही. एनव्हीएम हे शेलमधलं फंक्शन आहे, सुडोला ते दिसत नाही, शिवाय सुडो स्वतःचा ठरलेला पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) वापरतो. त्यामुळे `सुडो एनपीएम` एक तर सापडत नाही, नाही तर तोच 12 वाला नोड उठतो. वर प्रकल्पात रूटच्या मालकीच्या फाइली राहू शकतात, म्हणजे पुढचं साधं इन्स्टॉलही पडणार. आधी `एलएस -एलडी नोड_मॉड्युल्स ~/.एनपीएम` करून मालक बघा (नोड_मॉड्युल्स म्हणजे उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर). रूट दिसला तरच `सुडो चाऊन -आर` करून मालकी विद्यार्थ्याच्या नावावर करा. न बघता चाऊन मारू नका.

लॅबवाला_फोंडा

सुडोचं मान्य. पण दुसरी तऱ्हा थेट एनव्हीएमची देणगी आहे. `एनव्हीएम यूज 18` त्या एका टर्मिनलापुरतं. पोराने एका टॅबमध्ये 18 वर इन्स्टॉल केलं, दुसरा टॅब उघडला, तिथे डिफॉल्ट 22. सर्व्हर सुरू केला की 108 आणि 127 चं भांडण. एकच नोड असता तर हा प्रसंगच आला नसता.

वेर्णा_बॅकएंड

सर, निदान बरोबर, औषध चुकीचं. हे आकडे म्हणजे नोडचा एबीआय (बांधलेल्या मॉड्युलांशी जुळावा लागणारा क्रमांक): 16 ला 93, 18 ला 108, 20 ला 115, 22 ला 127. निव्वळ जावास्क्रिप्टच्या पॅकेजांना याचं काही नसतं. बेटर-एसक्यूलाइटसारखी सी++ वाली पॅकेजं तेवढी अडतात, कारण त्यांची .नोड फाइल एका एबीआयसाठी बांधलेली असते. योग्य व्हर्जनवर जाऊन `एनपीएम रीबिल्ड`, बस.

पुन्हा होऊ नये म्हणून प्रकल्पाच्या मुळाशी .एनव्हीएमआरसी ठेवा, त्यात फक्त `18`. पॅकेज.जेसनमध्ये (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) इंजिन्स, म्हणजे कुठला नोड चालेल ते, लिहा. आता गंमत अशी की एनपीएम इंजिन्सकडे बघून नुसता ईबॅडइंजिनचा इशारा छापतो आणि पुढे जातो. प्रकल्पाच्या .एनपीएमआरसीमध्ये (एनपीएमच्या सेटिंगची फाइल) `इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू` घातलं की मगच तो थांबतो. एक खोच: ही सक्ती तुमच्या प्रकल्पाबरोबर आतल्या प्रत्येक पॅकेजाच्या इंजिन्सलाही लागू होते. कुठलं तरी आडबाजूचं पॅकेज 20 मागत असेल तर 18 वर इन्स्टॉल अडेल. ते अडलेलं बरंच, पण विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवा.

आणखी एक. .एनव्हीएमआरसी आपोआप वाचली जात नाही. फोल्डरात शिरून नुसतं `एनव्हीएम यूज` म्हणावं लागतं, किंवा बॅशला हूक लावावा लागतो. एफएनएम या दुसऱ्या स्विचरमध्ये `--यूज-ऑन-सीडी` ही सोय तयार मिळते.

काणकोण_कंटेनर

इतका खटाटोप कशाला? डॉकर, म्हणजे प्रोग्राम सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात, कंटेनरात, चालवायचा. नोड 22 ची बुकवर्म (डेबियन लिनक्सवरची) इमेज, काम झालं. पाथ, सुडो, एबीआय सगळं एका फटक्यात गेलं.

मांडवीकाठ

गेलं कुठे पात्रांव, जागा बदलली. पोरं होस्टवरचा, म्हणजे आपल्या मशिनवरचा, प्रकल्प जसाच्या तसा कंटेनरात माउंट करतात, आतला नोड_मॉड्युल्सही त्याबरोबर जातो. मॅकवर किंवा विंडोजवर बांधलेलं बायनरी लिनक्सच्या कंटेनरात गेलं की 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर'. इमेज लहान म्हणून अल्पाइन लिनक्सची घेतली तर तिथे जीलिबसी या सी लायब्ररीऐवजी मसल, मग उबंटूवर बांधलेलं मॉड्युल अल्पाइनमध्ये लोड होत नाही. नोड_मॉड्युल्ससाठी वेगळा व्हॉल्यूम (साठवणीची जागा) द्यावा लागतो, हे पहिल्या वर्षाला कोण शिकवणार? शिवाय पूर्ण इमेज उघडल्यावर 1 जीबीच्या आसपास. ती 30 मशिनांवर उतरवायची, आणि नेट आपलं पावसाळ्यातलं.

काणकोण_कंटेनर

इमेज एकदाच ओढायची, `डॉकर सेव्ह` करून पेनड्राइव्हवर, बाकी 29 मशिनांवर `डॉकर लोड`. नेट लागतच नाही. व्हॉल्यूमचं मात्र खरं आहे, ते डॉकरच्या कंपोझ फाइलीत लिहूनच द्यायला हवं.

डिचोली_डेव्हॉप्स

मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात, कारण मूळ सवयीवर कोणी बोलतच नाही. इन्स्टॉल पडलं की लगेच 'नोड_मॉड्युल्स उडव, पॅकेज-लॉकही उडव, परत चालव'. नोड_मॉड्युल्स उडवा, हरकत नाही. पण लॉक म्हणजे नेमकी व्हर्जनं नोंदवणारी फाइल, ती उडवलीत तर कॅरट (^) लावलेलं प्रत्येक पॅकेज त्याच मेजर व्हर्जनमधल्या त्या दिवशीच्या ताज्या व्हर्जनवर जातं. कालपर्यंत एक चूक होती, आज तिच्या जागी वेगळी, आणि शेजारच्या मशिनवर तिसरीच. लॉकला हात न लावता `एनपीएम सीआय`. तो नोड_मॉड्युल्स स्वतःच पुसतो आणि लॉकमध्ये लिहिलंय तेवढंच आणतो. लॉक आणि पॅकेज.जेसन जुळत नसतील तर नकार देतो, तोही उपयोगाचाच.

दुसरी सवय: शेवटची ओळ वाचणं. नोड-जिप (सी++ वाली पॅकेजं बांधणारं साधन) पडला की शेवटी 'नॉट ओके' येतं, त्यातून काही कळत नाही. वर सरका, पहिली 'जिप एरर' असलेली ओळ गाठा. 'फाइंड पायथन' असेल तर पायथन सापडला नाही. मेक किंवा जी++ नाही म्हणत असेल तर `एपीटी इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल`. आणि 'डिस्टयूटिल्स नावाचं मॉड्युल नाही' असेल तर मामला मजेशीर आहे.

उबंटू 22.04 चा स्वतःचा पायथन 3.10, त्यात डिस्टयूटिल्सचं विघ्न नाही. पण त्याच मशिनवर डेटा सायन्सच्या पोरांनी पायएनव्ही (पायथनची व्हर्जनं बदलायचं साधन) घातलेलं असतं आणि त्यात 3.12. डिस्टयूटिल्स 3.12 मधून, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, काढलंय. पायएनव्हीचे शिम (मध्यस्थ स्क्रिप्ट) पाथमध्ये पुढे बसतात, नोड-जिप `पायथन3` विचारतो, त्याला 3.12 मिळतो, आणि प्रकल्पातला नोड-जिप 10 च्या आधीचा असेल तर तिथेच कोसळतो. म्हणजे नोडचं इन्स्टॉल पाडलं पायथनच्या स्विचरने! शोधायला `टाइप -ए पायथन3`. उपाय एका ओळीचा: `एनपीएम_कॉन्फिग_पायथन=/यूएसआर/बिन/पायथन3 एनपीएम सीआय`. पायएनव्ही काढायची गरज नाही.

लॅबवाला_फोंडा

बघा, तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. स्विचर दोन झाले की एकमेकांच्या पायात पाय. आणि तो प्रीफिक्सचा, म्हणजे ग्लोबल पॅकेज कुठे बसवायचे त्या सेटिंगचा, घोळ कोणी काढला नाही अजून.

वेर्णा_बॅकएंड

काढतो. ईॲक्सेसवरचा नेहमीचा सल्ला म्हणजे `एनपीएम कॉन्फिग सेट प्रीफिक्स ~/.एनपीएम-ग्लोबल`. सिस्टम नोडसाठी तो अगदी योग्य. पण ती ओळ घरच्या .एनपीएमआरसीत बसते आणि एनव्हीएमच्या सगळ्या व्हर्जनांना लागू होते. मग 18 आणि 22 चे ग्लोबल पॅकेज एकाच डब्यात. म्हणून एनव्हीएम ओरडतं की प्रीफिक्सशी माझं जमत नाही. .एनपीएमआरसीतली प्रीफिक्सची ओळ खोडा, टर्मिनल नवीन उघडा. दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर, एकत्र केले की वाट लागते. ग्लोबल पॅकेज प्रत्येक व्हर्जनचे वेगळे असतात हे लक्षात ठेवायचं, 18 वरचे 22 ला हवे असतील तर `एनव्हीएम इन्स्टॉल 22 --रीइन्स्टॉल-पॅकेजेस-फ्रॉम=18`.

सत्तरीकर

तिसरी तऱ्हा सगळ्यांनी 'नेटचा प्रश्न' म्हणून सोडून दिली. लॅबमध्ये 30 जण एकाच वेळी इन्स्टॉल मारतात, एनपीएम प्रत्येक मशिनवरून एका वेळी 15 पर्यंत जोडण्या उघडतो. लाईन बसणारच. .एनपीएमआरसीत `मॅक्ससॉकेट्स=4` आणि `फेच-रिट्राइज=5` घाला (म्हणजे पुन्हा प्रयत्न, मुळात 2 असतात). खरा उपाय म्हणजे लॅबच्याच एका मशिनवर व्हर्डाशिओ (एनपीएमचं स्थानिक भांडार), पोर्ट 4873, आणि बाकीच्यांची रजिस्ट्री, म्हणजे पॅकेज मागायचा पत्ता, तिकडे. पॅकेज बाहेरून एकदाच येईल, नंतर आतल्या आत. लॉकमध्ये एनपीएमच्या मूळ रजिस्ट्रीचे पत्ते असले तरी चालतं, एनपीएम इन्स्टॉलच्या वेळी ते बदलून घेतो.

फसगत पुढे आहे. बेटर-एसक्यूलाइट आपलं तयार बायनरी गिटहबवरून ओढतो, व्हर्डाशिओवरून नव्हे. ते मिळालं नाही की नोड-जिपवर येतो, आणि नोड-जिप नोडच्या हेडर फाइली नोडच्या साइटवरून मागतो. नेट गेलेलं असेल तर तिथे पडणार. पण एनव्हीएमने उतरवलेल्या नोडच्या फोल्डरात हेडर आधीच असतात, `इन्क्लूड/नोड` मध्ये. `एनपीएम_कॉन्फिग_नोडडीआयआर` ला त्या व्हर्जनचं फोल्डर दाखवा, बाहेर जायची गरज पडत नाही. एनव्हीएमच्या बाजूने हा मुद्दा कोणीतरी मांडायला हवा होता.

लॅबवाला_फोंडा

नोडडीआयआर माहीत नव्हतं, देव बरें करूं. मत थोडं बदलतो: नोडसोर्सच्या भांडारातला 22 सिस्टमवर, सगळ्यांना तोच. एनव्हीएम फक्त जुना प्रकल्प करणाऱ्यांच्या लॉगिनला, प्रकल्प 22 वर येईपर्यंत. .एनव्हीएमआरसी आणि इंजिन-स्ट्रिक्ट दोन्हीकडे.

मांडवीकाठ

म्हणजे `टाइप -ए नोड` ला पुन्हा दोन ओळी. तुमच्या तपासणीच्या स्क्रिप्टचं काय? एसएसएचने (दुरून लॉगिन करून) 30 मशिनांवर `नोड -व्ही` विचारलंत तर एनव्हीएमवाल्या लॉगिनांतही 22 च दिसेल, पोरगं 18 वर असलं तरी. उबंटूच्या .बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) अगदी वरच एक तपासणी असते: शेल इंटरॅक्टिव्ह, म्हणजे समोर माणूस टाइप करतोय असं, नसेल तर परत फिर. एनव्हीएमच्या ओळी इन्स्टॉलर तळाला घालतो, तिथपर्यंत वाचन पोचतच नाही. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) तर ती फाइल उघडतसुद्धा नाही.

लॅबवाला_फोंडा

मग त्या ओळी तपासणीच्या वर सरकवू?

मांडवीकाठ

चालेल, पण एससीपीसकट (फाइल कॉपी करणं) प्रत्येक एसएसएचला एनव्हीएम लोड होत बसेल. स्क्रिप्टमध्येच `नोड_व्हर्जन=18 ~/.एनव्हीएम/एनव्हीएम-एक्झेक नोड` असं लिहा, फंक्शन लोड न करताही हवा तो नोड उठतो. नोड_व्हर्जन आणि एनव्हीएम-एक्झेक एकाच ओळीत हवेत, मध्ये एंटर मारलात तर व्हर्जन पोचणार नाही.