मदत हवी आहे: घरी बनवलेल्या फझ पेडलच्या डब्यावर चित्र टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

१९६६ सालच्या फझ फेस या गिटार पेडलच्या सर्किटवरून जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ पेडल (गिटारचा आवाज जाडा, खरखरीत करणारा, पायाने दाबायचा डबा) घरी जोडलंय. आवाज अगदी मनासारखा आहे. गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की फझ निवळतो आणि सूर मोकळा होतो, आणि त्यासाठीच तर हे सर्किट निवडलं! स्विच दाबताना ‘टक्’ व्हायचं, तेही इनपुट आणि ग्राउंडमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर लावल्यावर थांबलं.

अडलंय ते सजावटीत. डबा ॲल्युमिनियमचा, १५९०बी मापाचा. त्यावर मी हाताने काढलेली वेलबुट्टी वॉटरस्लाइड डेकलने (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायच्या छापील पातळ पापुद्र्याने) चढवायची आहे. साध्या तुकड्यावर करून पाहिलं, तर डेकलखाली हवा राहून पांढुरके डाग दिसतात आणि नट आवळला की भोकाभोवतीचा रंग टवका निघून उडतो. पायाखाली राहणारी वस्तू आहे, त्यामुळे नुसतं देखणं असून भागणार नाही.

भोकं रंगाआधीच पाडतो. ॲल्युमिनियमवर रंग नीट धरण्यासाठी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारं अस्तर, पुरेल, की पावडर कोटिंगच (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) करून घ्यावं? डेकल चकचकीत थरावर बसवल्यास डाग टळतात का? वरून लॅकर बरं की दोन घटकांचं इपॉक्सी? जॅकमधून (गिटारची वायर खोचायच्या खाचेतून) डब्याला ग्राउंड मिळावं म्हणून आतली बाजू कोरी ठेवणार आहे.

फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनाने धातूवरच कुणी नक्षी कोरली असेल तर फोटो जरूर दाखवा. खरं तर माझा ओढा तिकडेच आहे, पण बारीक रेषा कितपत शाबूत राहतात?