नॅशनल गार्डमधील सेवेवर व्हीए गृहकर्ज: पात्रता नेमक्या कोणत्या कागदाने सिद्ध होते?

एडिसनकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे पती ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ राखीव सैन्यदलात, दाखल झाले. प्रशिक्षण त्याच वर्षाच्या अखेरीस संपले आणि जानेवारी २०२१ पासून सुमारे चार महिने त्यांची नेमणूक कोविड लसीकरण केंद्रांवर होती. त्यानंतर महिन्यातून एकदा ड्रिल आणि उन्हाळ्यातील शिबिर एवढेच झाले. मधले काही महिने ते ड्रिललाही नव्हते, त्यामुळे सेवेची सहा वर्षे अजून भरलेली नाहीत.

आता व्हीएच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या माजी सैनिक विभागाच्या, हमीवर मिळणाऱ्या कर्जातून घर घ्यायचे आहे. बँकेने पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे सीओई, मागितले, म्हणून प्रशिक्षणानंतर मिळालेला डीडी-२१४, म्हणजे सक्रिय सेवा संपल्याचा दाखला, जोडून आम्ही ऑनलाइन अर्ज केला. त्यावर व्हीएने आणखी पुरावा मागितला आहे. बँकेतील अधिकारी तर म्हणतात, की गार्डमधील माणसाला सहा वर्षे झाल्याशिवाय हे कर्ज मिळतच नाही. डीडी-२१४ हा सैनिकी सेवेचा मुख्य पुरावा मानतात ना? मग तो अपुरा का ठरतो?

जुना सार्जंट यांचा प्रतिसाद

डीडी-२१४ खरा आहे, पण तो जे सांगतो ते तुमच्या उपयोगाचे नाही. गार्डच्या सैनिकासाठी प्रशिक्षणाचा काळ या कर्जाच्या पात्रतेत धरला जात नाही, आणि तुमच्या हातातला कागद नेमका तेवढ्याच काळाची नोंद करतो. गार्डमधून पात्र होण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत: प्रशिक्षण वगळून ९० दिवसांची सक्रिय सेवा, किंवा टायटल ३२ (नॅशनल गार्डविषयीचा केंद्रीय कायदा) च्या ठरावीक कलमांखाली ९० दिवसांची सेवा, ज्यात किमान ३० दिवस सलग असले पाहिजेत, किंवा सहा ग्राह्य वर्षे. बँकेच्या अधिकाऱ्यांना तिसराच मार्ग ठाऊक दिसतो. त्यात त्यांचा फार दोष नाही, कारण हे कर्ज १९४४ पासून असले तरी टायटल ३२ चा मार्ग जानेवारी २०२१ च्या कायद्याने खुला झाला.

त्यामुळे तुमचे सारे प्रकरण त्या चार महिन्यांवर उभे आहे. पतींच्या कपाटातून त्या नेमणुकीचे आदेश, म्हणजे ऑर्डर्स, शोधून काढा आणि त्यांत कोणत्या कायद्याचा उल्लेख आहे ते पाहा. टायटल ३२ मधील ३१६, ५०२, ५०३, ५०४ किंवा ५०५ यांपैकी कलम लिहिलेले असेल, तर मार्ग मोकळा आहे. आदेशात ‘स्टेट ॲक्टिव्ह ड्यूटी’ असे असेल, तर ती राज्याच्या खर्चाने आणि राज्याच्या हुकमाने केलेली सेवा ठरते आणि ती येथे मोजली जात नाही. एकाच केंद्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोन जवानांचे आदेश वेगवेगळ्या प्रकारचे असू शकतात, म्हणून मित्राला मिळाले यावरून आपल्यालाही मिळेल असे समजू नये.

पुरावा म्हणून व्हीए वार्षिक पॉइंट स्टेटमेंट (गार्डमधील सेवेच्या गुणांचा वार्षिक हिशेब) स्वीकारते, किंवा मूळ आदेश जोडलेला डीडी फॉर्म २२० (सक्रिय सेवेचा अहवाल), किंवा वरील कलमांचा उल्लेख असलेला डीडी-२१४. या तिन्हींपैकी एक पुरेसा आहे.

व्हर्जिनियाहून यांचा प्रतिसाद

वरील माहितीत माझ्या अनुभवाची थोडी भर घालतो. माझे आदेश एकसंध नव्हते. तुकड्यातुकड्यांनी मुदतवाढ मिळत गेली आणि मी पहिल्या अर्जाला केवळ शेवटचा कागद जोडला, त्यामुळे माझी सेवा अवघी २२ दिवसांची दिसली. नंतर सगळे आदेश तारखेच्या क्रमाने लावून पुन्हा पाठवले, तेव्हा सलग ३० दिवसांची अट आणि एकूण ९० दिवसांची अट अशा दोन्ही गोष्टी तपासणाऱ्याच्या लक्षात आल्या. युनिटच्या कार्यालयात विचारताना ‘सेवेचा दाखला द्या’ असे मोघम म्हणू नका, कारण आमच्या कार्यालयाने मला दोनदा चुकीचाच कागद दिला होता. कलमाचा आकडा सांगून आदेशांच्या प्रती मागा.

आणखी एक गोष्ट म्हणजे सीओई मिळवण्यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही. ऑनलाइन जमत नसेल तर फॉर्म २६-१८८० भरून टपालाने पाठवता येतो, किंवा बँक व्हीएच्या प्रणालीतून स्वतः अर्ज करू शकते.

एडिसनकर

आपले दोघांचेही मनःपूर्वक आभार. आदेश सापडले, चार कागद आहेत आणि चारही ठिकाणी कलम ५०२ चा उल्लेख आहे. ते पाठवल्यावर सीओई आले, परंतु त्यावर ३६,००० डॉलर असा आकडा छापलेला आहे. एवढ्यात न्यू जर्सीत गॅरेजसुद्धा मिळणार नाही. शिवाय माझे दीर भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन आता इकडे स्थायिक झाले आहेत. त्यांनाही अर्ज करता येईल का?

जुना सार्जंट

तो आकडा पाहून पुष्कळ लोक घाबरतात. ती कर्जाची मर्यादा नाही. व्हीए बँकेला कर्जफेडीची जी हमी देते, तिची ती कायद्यातील जुनी मूळ रक्कम आहे. १,४४,००० डॉलरपेक्षा मोठ्या कर्जावर व्हीए साधारणपणे २५ टक्क्यांपर्यंत हमी देते, आणि पूर्ण हक्क शिल्लक असणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांची ही हमी दुसऱ्या कर्जात गुंतलेली नाही त्यांच्यासाठी, कर्जाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२० पासून काढून टाकलेली आहे. मात्र सीओई मिळाले म्हणजे कर्ज मंजूर झाले असे नव्हे, कारण उत्पन्न आणि क्रेडिट बँक स्वतंत्रपणे तपासते. पहिल्यांदा आणि डाउन पेमेंट न करता घेत असाल, तर कर्जाच्या रकमेवर व्हीएला एकदाच द्यावी लागणारी २.१५ टक्के फंडिंग फी हिशेबात धरून ठेवा. सेवेतून उद्भवलेल्या अपंगत्वाची भरपाई घेणाऱ्यांना ती माफ असते.

दिरांना मात्र नाही म्हणावे लागेल. दुसऱ्या देशाच्या सैन्यातील सेवेला येथे एकच अपवाद आहे: दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैन्यात लढलेले अमेरिकी नागरिक.