आक्षेप मतदान केंद्रावरच घेता येतो
बोगस मतांचा निकाल लागेपर्यंत विधानसभा चालूच देऊ नये, असं या चर्चेत काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मतदानातल्या गैरप्रकारावरून निवडणूक रद्द करणं सभागृहाच्या हातात नाही. त्यासाठी निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. गोंधळात कामकाज तहकूब झालं की सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो, याचा फार राग येतो.

आणि एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. मतदाराच्या ओळखीवर केंद्रातच आक्षेप घेता येतो. पोलिंग एजंटने, म्हणजे केंद्रात बसणाऱ्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने, फक्त 2 रुपये भरायचे, मग केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. तोतया निघाला तर थेट पोलिसांच्या ताब्यात. मिरज तालुक्यात मी एजंट म्हणून बसलो होतो, तेव्हा शेजारच्या एकाही एजंटला हे माहीत नव्हतं. पक्षाच्या बैठकीतही कुणी सांगितलं नव्हतं.