शँक्लीआधीचं लिव्हरपूल खरंच कुजत पडलं होतं?

दर्यावर्दी_राजापूर: "१९५४ ते ६२ लिव्हरपूल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कुजत पडलं होतं, शँक्ली आला तेव्हा क्लबात जीव आला." लिव्हरपूल फुटबॉल क्लब आणि त्याचा मॅनेजर बिल शँक्ली यांच्याबद्दलचं परवाच्या पोस्टमधलं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. कुजलेला क्लब सलग सहा मोसम तिसरा-चौथा येतो? वर, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये, जायला जागा दोनच, जादा जागेसाठीचे प्लेऑफ सामने नव्हते. ५६-५७ ला फॉरेस्ट ५४ गुणांवर वर गेलं, आपण ५३ वर राहिलो. पुढच्या वर्षी ब्लॅकबर्न ५६, आपण ५४. शँक्लीच्या आधीचा मॅनेजर फिल टेलर, त्याचे तीन पूर्ण मोसम बघा: ५३, ५४, ५३ गुण. शँक्लीचा पहिला पूर्ण मोसम: ५२. हे मुद्दाम पुन्हा वाचा.

कॉपवाला_पुणे: पोस्ट माझीच, आणि मी ती मागे घेत नाही. बर्मिंगहॅमने ९-१ ने धुतलं ते विसरलात?

दर्यावर्दी_राजापूर: ते डिसेंबर १९५४. तेव्हा मॅनेजर डॉन वेल्श होता. ते टेलरच्या माथी मारू नका.

कॉपवाला_पुणे: मग वूस्टर सिटी? जानेवारी १९५९, एफए कप, लीगमध्ये नसलेल्या संघाकडून २-१! तेव्हा टेलरच होता ना? शँक्लीने वर्षभरात २४ खेळाडू घालवले, ते उगाच नाही.

लेखनिक_डोंबिवली: दोघंही मॅनेजरवर भांडताय आणि संचालक मंडळाचं नावही काढत नाही. पैसा सुटत नव्हता हो! मंडळातले एरिक सॉयर पाठीशी उभे राहिले तेव्हा कुठे १९६१ मध्ये येट्स आणि सेंट जॉन हे खेळाडू आले. एकट्या सेंट जॉनचे ३७,५०० पौंड. टेलरला तेवढे दिले असते तर? आणि खेळाडूंच्या पगाराचं तर कुणीच बोलत नाही. आठवड्याला २० पौंडांची मर्यादा, तीही १९५८ पासून. त्याआधी आणखी कमी. बिली लिडेल एवढा मोठा खेळाडू, पण हिशेबनीसाची नोकरी सांभाळून खेळला.

कॉपवाला_पुणे: लिडेलचं कौतुक पुरे. 'लिडेलपूल' म्हणायचे लोक, म्हणजे बाकी संघात दम नव्हता हेच ना? पस्तिशी ओलांडलेल्या माणसावर विसंबून राहिले, म्हणून अडकले.

दर्यावर्दी_राजापूर: लिडेलबद्दल जरा जपून बोला. माझे आजोबा बोटीवर आगवाले होते. बोट बर्केनहेडच्या गोदीत लागली की फेरीने नदी ओलांडून लिव्हरपुलात जायचे. एका शनिवारी गोदीतल्या एका कामगाराने त्यांना ॲनफील्डला, आपल्या मैदानावर, नेलं. स्वतःचा मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला. "बिलीकडे दे" असं सगळं कॉप, म्हणजे चाहत्यांचा तो स्टँड, ओरडायचं, ते आजोबा म्हातारपणीही ओरडून दाखवायचे. गोऱ्या खलाश्याच्या पगाराच्या पाव हिश्शावर राबणारा माणूस त्या दिवशी कुणाच्या तरी बरोबरीने उभा राहिला. ५३४ सामने, २२८ गोल, एकच क्लब. त्याला ओझं म्हणता?

लेखनिक_डोंबिवली: पगाराचा मुद्दा हाच तर आहे. खलाशी काय, खेळाडू काय, घाम त्यांचा आणि गल्ला मालकाचा. १९६१ च्या जानेवारीत जिमी हिलच्या खेळाडू संघटनेने संपाची नोटीस दिली तेव्हा ती मर्यादा उठली.

कॉपवाला_पुणे: तुमचा संप इथे कशाला? आणि आजोबांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या मफलरने टेबलमधली जागा बदलत नाही.

दर्यावर्दी_राजापूर: आजोबांवर घसरू नका, सांगून ठेवतो.

कॉपवाला_पुणे: घसरलो असेन तर माफ करा. पण ६१-६२ चे ६२ गुण कुणाचे? दुसरं आलेलं ओरिएंट आठ गुण मागे. आपल्या रॉजर हंटचे लीगमध्ये ४१ गोल. हे टेलरला जमलं नव्हतं.

दर्यावर्दी_राजापूर: हंट पहिली मॅच कधी खेळला? सप्टेंबर १९५९, स्कंथॉर्पविरुद्ध, आणि त्याच मॅचला गोल. टेलर गेला नोव्हेंबरमध्ये. मोरन, बर्न, मेलिया, ए'कोर्ट हे खेळाडू आधीपासून तिथेच. प्रशिक्षक पेझ्ली आणि फेगनही तिथेच. शँक्ली मोठाच, माझ्या घरात त्याचा फोटो आहे. पण त्याला ओसाड माळ मिळाला नव्हता. नांगरलेलं रान मिळालं होतं.

कॉपवाला_पुणे: हंट टेलरच्या वेळचा, मान्य. पेझ्लीचंही मान्य. 'कुजत' काढतो, 'अडकून' लिहितो. शँक्लीबद्दलचं वाक्य मात्र तसंच राहील.