मदत हवी आहे: तबेल्यातल्या घोडीला पुरेशी वैरण मिळते का?

रानझरा: घोडी वाळत चाललीय, बरगड्या लांबून मोजता येतात. तबेलेवाले म्हणतात, पोटभर घालतो. मी जाते तेव्हा गव्हाण चाटूनपुसून साफ. तिला सध्या दुसरीकडे हलवता येणार नाही. काय करू? लवकर सांगा.

पागेकर: वजन किती? वैरण कसली, किती वेळा? दात तपासले? जंताचं औषध? काहीच लिहिलं नाहीत.

रानझरा: मारवाडी जातीची, ८ वर्षांची. सकाळ-संध्याकाळ कडब्याच्या दोन-दोन पेंढ्या आणि हरभरा. दात, जंत झालंय सगळं. वजन माहीत नाही.

माळावरची: लसूणघासाचा हिरवा चारा सुरू करा! आमच्या घोड्याच्या अंगावर महिन्यात तकाकी आली.

पागेकर: लसूणघास जोडीला ठीक, पण आधी सुकी वैरण. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, तासन् तास पोट रिकामं राहिलं की अल्सरचा धोका. ती भूक हरभरा वाढवून भागवायला गेलात तर पोटशूळ उठेल. मारवेल किंवा पवन्याचं वाळलेलं गवत मिळालं तर कडब्यापेक्षा बरं.

माळावरची: पवन्या शहराजवळ कुठे मिळतं हो? लसूणघास रोज दारात येतो.

शिवारातून: कोवळी ज्वारी अजिबात घालू नका, विषबाधा होते. आमची गाय गेली त्यात.

रानझरा: वाळला कडबा आहे हो, हिरवी ज्वारी नाही.

पागेकर: पेंढी हे माप नव्हे. टेप घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. अंदाजे किलो कळतात. त्याच्या दोन टक्के सुकी वैरण रोज. मग ताणकाट्याला पेंढी लावा.

खोगीरवेडा: मारवाडी कितीला पडली? डिसेंबरात सारंगखेड्याला घोड्यांच्या यात्रेला जायचा विचार आहे.

रानझरा: घेर १६५, लांबी १५०. म्हणजे ३४४ किलो, वैरण साधारण ७ किलो हवी. पेंढी भरली सव्वा किलो, चार मिळून पाच. त्यातही कडब्याची जाड ताटं ती तशीच टाकते, घोडी सांभाळणारा मोतद्दार झाडून नेतो. म्हणून गव्हाण साफ दिसते!

पागेकर: मग कडब्याची बारीक कापून कुट्टी करून मागा. करारात पेंढ्या नको, किलो लिहून घ्या, आणि रात्रीची वैरण वेगळी. झाडलेली ताटं एक दिवस पोत्यात ठेवायला सांगून वजन करा.

रानझरा: उद्या काटा घेऊनच जाते. जास्तीचे पैसे मागितले तर किती रास्त, कोणी सांगेल का?